चार मिनिटांचा लॅपटॉप

लॅपटॉप पहिल्यांदा गोठला तेव्हा जोतिराम बंडगर मनातून खूश झाले, ही गोष्ट त्यांनी आजतागायत कुणाजवळ कबूल केलेली नाही.

सव्वीस वर्षं चिंचोळी एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात मेंटेनन्स सुपरवायझर म्हणून काढलेला माणूस. तिथं माग बंद पडला की चारी बाजूंनी ‘बंडगर साहेब, बंडगर साहेब’ अशा हाका सुरू होतात आणि साहेब सावकाश चालत जातात. घाईनं गेलं की किंमत राहत नाही, असं त्यांचं मत आहे. घरात मात्र या विद्येला कुणी विचारत नव्हतं. मिक्सर बिघडला तर त्यांच्या पत्नी विजयमालाबाई तो परस्पर दुकानात देऊन येत. गिझरला कंपनीचा माणूस येई. टीव्हीची पाठ उघडण्याचा एक प्रयत्न जोतिरामांनी केला होता, त्याबद्दल घरात कुणी बोलत नाही. अशा माणसाच्या घरात, त्याच्या डोळ्यांदेखत, एक यंत्र आपण होऊन बंद पडलं. त्यांनी शर्टाच्या बाह्या दुमडल्या.

दसऱ्यानंतरचा तिसरा दिवस होता. लॅपटॉप चालू व्हायचा अगदी शहाण्यासारखा. पासवर्ड घ्यायचा, विजयमालाबाईंचं नाव दाखवून स्वागत करायचा आणि बरोबर चार मिनिटांनी गारठून बसायचा. पडद्यावरचा बाण हलेना, बटणं दाबली तरी दाद देईना. मग पडदा निळा, त्यावर एक रडवेलं तोंड आणि खाली इंग्रजीत दिलगिरी. दिलगिरी व्यक्त करून झाली की बंद. पुन्हा सुरू करायला गेलं तर पाच-सहा मिनिटं ऐकायचाच नाही.

आता हे एरवी चाललं असतं. पण पंधरा तारखेला सकाळी अकरा वाजता विजयमालाबाईंची एम.ए.ची तोंडी परीक्षा होती, आणि ती ऑनलाइन होती. लग्न झालं तेव्हा त्यांचं बी.ए.चं दुसरं वर्ष अर्धं राहिलं होतं. ते त्यांनी चव्वेचाळिसाव्या वर्षी मुक्त विद्यापीठातून पूर्ण केलं, मग एम.ए.ला नाव घातलं, स्वयंपाक-पाणी आवरून दुपारी अभ्यास केला, प्रकल्प लिहिला, आणि आता एकोणपन्नासाव्या वर्षी एवढी एकच पायरी राहिली होती. विद्यापीठाच्या पत्रात स्पष्ट लिहिलेलं होतं: विद्यार्थ्याने कॅमेरा असलेल्या संगणकावरूनच हजर राहावे, मोबाइल चालणार नाही. संपर्क तुटून पाच मिनिटांत परत न जोडल्यास अनुपस्थित धरण्यात येईल. अनुपस्थित म्हणजे पुढचं वर्ष.

“कुणाचा तरी मागून घेऊ या की,” विजयमालाबाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या. “खालच्या श्रीशैल अण्णांच्या सुनेचा आहे.”

“मागून?” जोतिरामांनी स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. “मी बाराशे मोटरींचा कारखाना चालवतो. आणि शेजाऱ्याकडं जाऊन म्हणू, आमचा लॅपटॉप बिघडलाय, मला जमत नाही? लोक काय म्हणतील?”

“लोक लॅपटॉप देतील,” विजयमालाबाई म्हणाल्या. पण हे त्या स्वयंपाकघरात जाता जाता म्हणाल्या, त्यामुळे त्याची नोंद झाली नाही.

नोंद म्हणजे खरीखुरी नोंद. दुसऱ्या दिवशी जोतिरामांनी दोनशे पानी जाड पुठ्ठ्याचं रजिस्टर आणलं, वर ‘ब्रेकडाउन रजिस्टर’ असं लिहिलं, आणि रकाने आखले. तारीख, वेळ, लक्षण, केलेला उपाय, कारण. कारखान्यात यातला शेवटचा रकाना ते लाल पेनानं भरतात, आणि दहातल्या आठ वेळा तिथं एकच मजकूर असतो: ऑपरेटरची चूक. धुरळा साफ केला नाही, तेल घातलं नाही, जाळीत कापसाचे तंतू अडकले ते काढले नाहीत. पोरांना ते रोज ओरडतात, की अरे, यंत्र कधी आपणहून बिघडत नाही, माणूस बिघडवतो.

पलंगावर बसून हे सगळं त्यांच्या आई, केराबाई, बघत होत्या. शहात्तर वर्षांच्या केराबाई चार वर्षांपूर्वी सांगोल्याकडच्या गावातून जुळे सोलापुरातल्या या तिसऱ्या मजल्यावर आल्या, त्या अजून गॅलरीतून खाली बघून ‘रान कुटं हाय ह्येंचं?’ असं विचारतात. त्या म्हणाल्या, “जोतिरामा, वहीत लिव्हून नीट हुतंय व्हय ते?”

“आई, यातलं तुला काही कळायचं नाही.”

“न्हाय बाबा,” केराबाई म्हणाल्या आणि पुन्हा सुपारी कातरायला लागल्या.

बिघाडाची बातमी सोसायटीत कशी पसरते हा एक स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. जोतिरामांनी कुणालाही सांगितलं नव्हतं. तरी त्याच संध्याकाळी खालच्या मजल्यावरचे श्रीशैल दार वाजवून आत आले. श्रीशैल बँकेतून निवृत्त झालेले. बँकेत त्यांनी एकतीस वर्षं फक्त सही केली, त्यामुळे आता त्यांना सल्ल्याची मोठी हौस आहे.

“व्होल्टेज,” ते बसायच्या आधीच म्हणाले. “आपल्याकडं व्होल्टेज लई वरखाली व्हायलंय, बंडगर. नाजूक वस्तू आहे ती. थांबा.” आणि खाली जाऊन आपल्या जुन्या फ्रिजचा स्टॅबिलायझर घेऊन आले. तो दोघांनी मिळून जिने चढवला. टेबलावर लॅपटॉप आणि शेजारी त्याच्या सहापट स्टॅबिलायझर अशी मांडणी झाली. स्टॅबिलायझर गुरगुरायला लागला. चार मिनिटांनी निळा पडदा आला. मग नुसत्या बॅटरीवर लावून बघितला. तेव्हाही चार मिनिटं.

“म्हणजे बॅटरीत जे भरलंय तेच खराब व्होल्टेज आहे,” श्रीशैल म्हणाले. हा माणूस हरत नाही.

त्यांच्या पत्नी गौरम्मा दुसऱ्या दिवशी मूठभर मीठ आणि सात मिरच्या घेऊन वर आल्या. “जोतिरामण्णा, विजूचं एम.ए. सगळ्या सोसायटीला कळलंय. कुणाची तरी दृष्ट लागली बघा. अय्य, या वयात शिकायलीय, लोकांना सोसतंय होय?” जोतिरामांचा यावर विश्वास नव्हता, पण उपाय नोंदवायला हरकत नव्हती. लॅपटॉपवरून मीठ-मिरच्या उतरवून गॅसवर टाकल्या. सगळ्या घराला ठसका लागला, केराबाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं, वरच्या मजल्यावरून कुणीतरी ‘काय जळतंय?’ म्हणून ओरडलं. लॅपटॉपला काही झालं नाही. चार मिनिटं तो छान चालला.

मुलगी आरोही पुण्यात कंप्युटरच्याच कंपनीत आहे. तिला फोन लावणं हा वास्तविक पहिला उपाय होता, पण जोतिरामांनी तो सहाव्या क्रमांकावर ठेवला होता. ती म्हणाली, “बाबा, अपडेट करून बघा.” अपडेटला चाळीस मिनिटं लागणार होती. दहा टक्के झाले, अकरा झाले, पडद्यावर ‘कृपया बंद करू नका’ अशा अर्थाचं वाक्य आलं, आणि ते वाक्य दाखवता दाखवता लॅपटॉप स्वतःच बंद पडला. आपली सूचना आपणच मोडणारं यंत्र जोतिरामांनी सव्वीस वर्षांत पाहिलं नव्हतं. त्यांना मनातून थोडा त्याचा आदर वाटला.

शेवटी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जायचं ठरलं. वॉरंटी अजून चार महिने होती. तिथं टोकन घ्यावं लागतं. टोकन घेण्यासाठी मोबाइलवर आलेला आकडा सांगावा लागतो. तो आकडा आरोहीच्या मोबाइलवर गेला, कारण लॅपटॉपची नोंदणी तिनं केली होती. आरोही मीटिंगमध्ये होती. मीटिंग संपली तेव्हा आकड्याची मुदत संपली होती. दुसरा आकडा मागवला तर काउंटरवरची मुलगी म्हणाली, “सर, बिल विजयमाला बंडगर यांच्या नावावर आहे. ग्राहक स्वतः पाहिजे.”

“मी ग्राहकाचा नवरा आहे.”

“लेखी आहे का सर?”

लग्न ठरवताना सोयरिकीच्या बैठकीत त्यांची बरीच तपासणी झाली होती, पण नवरा असल्याचा लेखी पुरावा त्यानंतर आज प्रथमच कुणी मागितला होता. ते परत घरी आले, विजयमालाबाईंकडून अधिकारपत्र लिहून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. आता फॉर्म भरायचा होता. त्यात एक प्रश्न होता: यंत्रात महत्त्वाचा मजकूर कोणता आहे? गरज पडल्यास सगळं पुसावं लागेल.

जोतिरामांनी पेन उघडलं आणि ते थांबले. आत काय आहे? त्यांना माहीत नव्हतं. दोन वर्षं बायको दुपारी त्यावर काहीतरी टाइप करते, केराबाईंच्या पलंगाशी बसून काहीतरी विचारते, एवढं त्यांनी येता-जाता पाहिलं होतं. त्यांनी ‘मिसेसचे कॉलेजचे काहीतरी’ असं लिहिलं. लिहिताना त्यांना उगीच ओशाळल्यासारखं झालं, आणि ते झालं म्हणून काउंटरवरच्या मुलीचा राग आला.

सर्व्हिस सेंटर छान गार होतं. एसी असा, की बाहेरची ऑक्टोबरची तलखी पाच मिनिटांत विसरावी. तिथं लॅपटॉप लावला. चार मिनिटं झाली. दहा झाली. अर्धा तास झाला. लॅपटॉप सासरी आलेल्या जावयासारखा वागत होता. मुलीनं पावतीवर ‘दोष आढळला नाही’ असा शिक्का मारला.

घरी चार मिनिटं.

जोतिराम तिसऱ्यांदा गेले, या वेळी पुरावा म्हणून मोबाइलवर व्हिडिओ घेऊन. व्हिडिओत लॅपटॉप तीन मिनिटं पन्नास सेकंद उत्तम चाललेला दिसत होता, आणि मग व्हिडिओच थांबत होता, कारण मोबाइलमध्ये जागा संपली होती. मुलगी खरंच सहानुभूतीनं म्हणाली, “सर, कधी कधी वापरणाऱ्याकडूनच काहीतरी चुकत असतं.” बंडगर साहेबांना हे ऐकवलं गेलं. सव्वीस वर्षं जे वाक्य त्यांनी दुसऱ्यांना ऐकवलं ते. त्या दिवशी जेवताना त्यांनी चटणी समोर असूनही घेतली नाही.

या सगळ्या धामधुमीत विजयमालाबाई काय करत होत्या? त्या काम करत होत्या. परीक्षेत दाखवायची बारा पानं तयार करायची होती. त्या लॅपटॉप उघडत, चार मिनिटांत दोन ओळी, एक फोटो असं बसवत, जपून ठेवत, आणि तो बंद पडला की उठून कुकर लावत. कणीक मळून होईतो तो पुन्हा उठायला तयार असे. जोतिरामांच्या रजिस्टरमध्ये एकतीस नोंदी झाल्या तोवर त्यांची दहा पानं झाली होती.

“अहो,” त्या एकदा म्हणाल्या, “सकाळी सहाला गॅलरीतल्या फरशीवर ठेवला ना, तर अकरा मिनिटं चालतो. दुपारी गादीवर ठेवला तर तीनच.”

“त्याचा काही संबंध नाही,” जोतिराम म्हणाले. “हे सॉफ्टवेअरचं आहे.”

कारखान्यात एखाद्या पोरानं येऊन सांगितलं असतं, की साहेब, मोटर सकाळी बरी चालते आणि दुपारी बंद पडते, तर बंडगर साहेबांनी चहाचा कप न ठेवता सांगितलं असतं, की पंखा बघ. पण हे घर होतं, आणि सांगणारी बायको होती. याहून खरं कारण माझ्याजवळ नाही.

तेरा तारखेला मात्र त्यांचा धीर सुटला. श्रीशैलांची सून आपला लॅपटॉप घेऊन हैदराबादला गेल्याचं कळलं, आणि त्या रात्रीच्या जेवणाला विजयमालाबाई शांतपणे म्हणाल्या, “पुढच्या वर्षी देईन. त्यात काय.” त्यांनी आवाज अगदी साधा ठेवला होता. पण भाकरी वाढताना त्या बघत होत्या दुसरीकडेच. जोतिरामांना आठवलं, की हेच ‘त्यात काय’ त्यांनी तीस वर्षांपूर्वी एकदा ऐकलं होतं, बी.ए. सोडताना. त्या वेळी त्यांना ते खरं वाटलं होतं.

चौदा तारखेला रजा टाकून ते विजयमालाबाईंना घेऊन नव्या पेठेत गेले. एका बोळात अंबादास नावाचा माणूस लॅपटॉप दुरुस्त करतो असं श्रीशैलांनी सांगितलं होतं, आणि गंमत म्हणजे ते खरं निघालं. दुकान चार फुटी. अंबादासचे वडील यंत्रमागावर होते, तोही आधी मागावरच होता, त्यामुळे जोतिरामांचा कारखाना ऐकून त्यानं स्टूल पुसून दिलं. एसी नव्हता. लॅपटॉप लावला. चार मिनिटांनी गोठला. जोतिरामांना इतका आनंद झाला, की त्यांनी बायकोचा हात धरला.

अंबादासनं लॅपटॉपच्या पोटावर पालथा हात ठेवला. “भाजायलंय की हो साहेब. हवाच जाईना आत.” त्यानं स्क्रू काढले, झाकण उचललं. मग चिमट्यानं काहीतरी उचलून दिव्याखाली धरलं. पिवळं, घट्ट, खपलीसारखं.

“हळद आहे,” तो म्हणाला. “पंख्यात सगळी हळद बसलीय. तेल लागून घट्ट झालीय. कुणी टाकली ओ?”

खंडेनवमी जोतिरामांच्या डोळ्यांसमोर उभी राहिली. कारखान्यातली यंत्रांची पूजा आटोपून ते घरी आले होते. घरातली यंत्रं ओळीनं मांडली होती: शिलाई मशीन, मिक्सर, स्कूटरची किल्ली, आणि या वर्षी मुद्दाम मधोमध लॅपटॉप. बायकोची परीक्षा आहे, म्हणून. त्यांनी गावच्या बिरोबाच्या देवळातून आणलेल्या भंडाऱ्याची पुडी सोडली होती. विजयमालाबाई म्हणाल्या होत्या, चिमूटभर बास. चिमूट? त्यांनी दोन्ही मुठी भरून, ‘बिरोबाच्या नावानं चांगभलं’ म्हणून, चालू लॅपटॉपवर मनापासून उधळल्या होत्या. मग तो फडक्यानं वरवर पुसला होता. तेलाचा दिवाही त्यांनीच त्याच्या कुशीला ठेवला होता.

जो माणूस धुरळ्यासाठी शेकडो पोरांवर ओरडला, त्यानंच हे केलं होतं. विजयमालाबाई म्हणाल्या, “पूजेची असंल. घरात सगळ्यांचाच हात लागतो.” त्या नवऱ्याकडे न बघता हे म्हणाल्या. जोतिरामांना वाटलं, यापेक्षा ओरडली असती तर बरं झालं असतं. घरी गेल्यावर त्यांनी रजिस्टर काढलं, शेवटच्या रकान्यात लाल पेनानं ‘ऑपरेटरची चूक’ लिहिलं आणि खाली पूर्ण सही केली.

पण दोष सापडणं वेगळं आणि यंत्र चालणं वेगळं. पंखा कामातून गेला होता. नवा पुण्याहून यायला पाच दिवस. अंबादासनं आतलं सगळं साफ करून दिलं आणि म्हणाला, “पंख्याविना दहा मिनिटं चालंल. पण खालून वारा घालत बसलं कुणी, तर तासभर बी चालंल. मी असा चालवून बघितलाय.”

टेबलफॅन लावून आरोहीशी बोलून बघितलं. “आई, विमानतळावरून बोलतीयेस का?” असं आरोहीनं विचारलं. टेबलफॅन रद्द झाला. मग मेंटेनन्स सुपरवायझरांनी आयुष्यात पहिल्यांदा या घरातलं काम नीट केलं. दोन स्टुलं अंतरावर ठेवली, त्यांवर भांडी निथळायची लोखंडी जाळी टाकली, जाळीवर लॅपटॉप. वारा खालून सरळ पोटात. वारा घालायला आवाज न करणारं आणि हाताला जड न होणारं काहीतरी हवं होतं. वर्तमानपत्र फडफडत होतं. शेवटी ब्रेकडाउन रजिस्टरचा पुठ्ठाच बरा पडला.

पंधरा तारखेला पावणेअकराला जोतिराम दोन स्टुलांच्या मध्ये, जाळीखाली, भिंतीला टेकून अर्धवट आडवे झाले. पोट आत, गुडघे बाहेर. केराबाई पलंगावर. विजयमालाबाई इरकल साडी नेसून समोर खुर्चीवर. जोतिरामांना तिथून त्यांची फक्त पावलं दिसत होती. एक अंगठा फरशीवर रेघा ओढत होता, हे त्यांनी पाहिलं. अकराला पडद्यातून एका बाईंचा आणि एका सरांचा आवाज आला, आणि पुठ्ठा हलायला लागला.

पाचवं मिनिट गेलं. दहावं गेलं. आवाज चालू होते. जोतिरामांचा खांदा दुखायला लागला, तो त्यांनी बदलला नाही.

प्रकल्पाचा विषय त्यांना इथं, जमिनीवर पडून, प्रथम कळला: मेंढपाळ बायकांची वर्षभराची वाट. बाईंनी विचारलं, “माहिती कुणाकडून घेतली?”

“सहा बायकांकडून. मुख्य माझ्या सासूबाईंकडून. केराबाई बिरप्पा बंडगर.”

“त्यांच्याकडून ऐकलेला एखादा प्रसंग सांगा. लिहिताना अवघड गेलेला.”

विजयमालाबाई म्हणाल्या, “बाळंतपणाचा, मॅडम. सासूबाई तेव्हा बावीस वर्षांच्या. आमच्या भागात पाऊस कमी, म्हणून मेंढरं घेऊन ही माणसं बागायतीकडं जातात. नातेपुत्याच्या अलीकडं, पाटाच्या कडेला एका शेतकऱ्याच्या रानात खतासाठी मेंढरं बसवली होती. तिथंच त्या बाळंत झाल्या. उघड्यावर. जवळ एक म्हातारी चुलत सासू, बाकी सगळे गडी. मुलगा झाला. तिसऱ्या दिवशी मुक्काम हलला.”

“मग बाळ-बाळंतीण?”

“घोड्याच्या पाठीवर जाळी असते. चालता न येणारी, नुकती जन्मलेली कोकरं तिच्यात ठेवतात. बाळ त्याच जाळीत ठेवलं, कोकरांची ऊब मिळावी म्हणून. सासूबाई शेजारून चालल्या. अठरा दिवस. रोज संध्याकाळी कोकरं मोजायचं काम त्यांचंच होतं. मी विचारलं, भीती नाही वाटली का? त्या म्हणाल्या, लेकराला बी कोकरातच मोजायची. आकडा जुळला की झोप लागायची.”

केराबाईंना एकच मूल. ते आत्ता जाळीखाली होतं.

आपण गावी, घरात जन्मलो असं ते चौपन्न वर्षं समजत आले होते. शाळेच्या दाखल्यावर गावाचंच नाव होतं. त्यांनी मान वळवून पलंगाकडे बघितलं. आई खाली बघत सुपारी कातरत होती. जोतिरामांच्या हातातला पुठ्ठा थांबला, आणि तो थांबलाय हे त्यांना कळलंही नाही.

खांद्यावर एक जोरकस बोट टोचलं. पायाचं होतं. वर विजयमालाबाईंचा आवाज न अडखळता पुढच्या पानाबद्दल बोलत होता. जोतिराम दचकले आणि दुप्पट वेगानं वारा घालायला लागले. डोळे पुसायला दुसरा हात मोकळा नव्हता, तो जाळी धरून होता.

“तो मुलगा आता काय करतो?” सरांनी विचारलं.

“चिंचोळी एमआयडीसीत सुपरवायझर आहेत. माझे मिस्टर.”

“अरे वा! घरात आहेत का? दोन शब्द बोलता येतील?”

“नाही सर,” विजयमालाबाई म्हणाल्या. “ते आत्ता कामात आहेत.”

“त्यांना हा प्रकल्प कसा वाटला?”

जोतिरामांनी पुठ्ठा चालू ठेवला.

“अजून वाचला नाही त्यांनी,” विजयमालाबाई म्हणाल्या. “लॅपटॉप बिघडला होता.”

अडतिसाव्या मिनिटाला बाई म्हणाल्या, “छान झालं काम. आमच्याकडून काही प्रश्न नाहीत. अभिनंदन, विजयमालाताई.” पडदा बंद झाला. विजयमालाबाई खुर्चीतच दोन्ही हातांनी तोंड झाकून बसल्या. हसत होत्या की रडत होत्या ते खालून कळत नव्हतं. जोतिराम बाहेर निघायचा प्रयत्न करायला लागले. एक गुडघा निघाला, दुसरा अडकला. शेवटी बायकोनं त्यांना काखेत हात घालून ओढून काढलं.

त्यांनी अंग झटकलं आणि ते म्हणाले, “मला वाचायचंय ते. पंखा आला की लगेच.”

“पंख्याचं काय त्यात?” विजयमालाबाई म्हणाल्या. “छापील प्रत गणपतीपासून टीव्हीखाली आहे. तुम्ही तिच्यावर रिमोट ठेवता.”

त्यांनी जाऊन रिमोट उचलला. हिरव्या कव्हराची प्रत होती. ती घेऊन ते खुर्चीकडे निघाले, मग वाट बदलून आईच्या पलंगाच्या कडेला बसले.

“मोठ्यानं वाच,” केराबाई म्हणाल्या. “मी सांगितलं एवडंच, काय लिव्हलंय ते मला कुटं ठावं हाय?”

त्यांनी पान शोधलं आणि वाचायला लागले. रान, पाट, चुलत सासू. आवाज नीट राहावा म्हणून ते कारखान्यातली नोटीस वाचल्यासारखं वाचत होते. “...मुलगा झाला. तिसऱ्या दिवशी मुक्काम...”

“थांब,” केराबाईंनी अडकित्ता बाजूला ठेवला. “तिसऱ्या न्हाय. दुसऱ्या. त्यास्नी पाटाचं पानी सोडायचं हुतं, रान भिजायच्या आत निगालो आमी. विजूला सांगताना चुकलं माजं. दुरुस्त कर.”

जोतिरामांनी खिशातलं पेन काढलं, ‘तिसऱ्या’ खोडलं, वर बारीक अक्षरात ‘दुसऱ्या’ लिहिलं. मग पेन तसंच उघडं धरून त्यांनी आईकडे बघितलं.

“पाऊस होता का गं तेव्हा?” त्यांनी विचारलं. “आणि मी रडत होतो का?”